शरयूवहिनींची पादुका

१

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. नीताताईंनी घट मांडला, कलशात पाच झाडांच्या डहाळ्या खोचल्या आणि आता पोथी उघडायची, एवढ्यात वरच्या मजल्यावर विनायक सरांचा आवाज चढला. नवीन पनवेलच्या त्या चार मजली सोसायटीत राहायला येऊन नीताताईंना बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सरांचा आवाज छतातून खाली कधी आला नव्हता. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. रागावला तरी फळ्यावर आकृती काढावी तसा सावकाश बोलायचा.

मग जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात हौसा उभी राहिली. बेलपाड्याहून रोज सकाळी सातला यायची. आधी सरांकडचं काम, मग नीताताईंकडचं.

"पूजा चाललीय ना ताय? मी बसते भायेर."

"आत ये आधी. काय झालं?"

"मना काढला. उद्यापासून येऊ नको बोलले." हौसा उंबऱ्यापाशीच टेकली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता, पण हात पदराची टोकं पिळत होते. "एकोणीस वरसं झाली ताय. चोरी केली असं बोलले असते तरी मी भांडले असते. बोलतात, पादुका मेली, आन् ती मी मारली."

नीताताईंनी पोथी परत कापडात गुंडाळली.

पादुका म्हणजे सरांच्या पत्नीचं, शरयूवहिनींचं ऑर्किड. या फुलाची खालची पाकळी चपलेच्या पुढच्या भागासारखी फुगीर आणि पोकळ असते. लोक त्याला स्लिपर ऑर्किड म्हणतात. पण देवापुढे ठेवायच्या फुलाला चप्पल म्हणणं शरयूवहिनींच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी पादुका म्हटलं आणि सगळ्या सोसायटीने तेच नाव उचललं. कालिंपाँगच्या एका नर्सरीतून त्यांनी ते रोप आणलं होतं, दोन दिवस आगगाडीत मांडीवर धरून. पनवेलच्या घामट हवेत ते जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. वहिनींनी सहा हिवाळे त्याला फुलवलं. एकच फूल यायचं, पण दोन-दोन महिने टिकायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती कुंडी पाटावर मांडलेली असायची आणि बायका वाणाआधी तिलाच हात लावायला बघायच्या. "हात नको गं, नुसतं बघा," असं वहिनी हसत म्हणायच्या, आणि तरीही कुणी लावला तर रागवायच्या नाहीत.

वहिनी जाऊन चार वर्षं झाली. घरात आता सर, मुलगा अपूर्व आणि सून अनुया. चार वर्षं झाडाला नुसती पानं येत होती. सरांनी त्याच्यापायी थर्मामीटर आणला, जागा तीनदा बदलली, आणि यंदा दिवाळीनंतर पानांच्या मधून जांभळ्या लवेच्या देठावर कळी वर आली. सर सत्तर ओलांडलेले, तरी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आले होते.

"तू पाणी कुठलं घातलंस?" नीताताईंनी हळूच विचारलं.

"मशीनचा. पिण्याचा. शप्पथ घेऊ?"

"शपथ नको. इथेच थांब, मी वर जाऊन येते."

घटापुढे निरांजन तेवत होतं. नीताताईंनी देवीला हात जोडले, मनात म्हटलं, आई, तुझी कहाणी आज जरा उशिरा वाचते. आणि जिना चढल्या.

२

सर बाल्कनीत वेताच्या खुर्चीवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता. समोर स्टुलावर पादुका.

हिरव्या-पोपटी नक्षीची ती पानं नेहमी अशी ताठ असायची, की जणू कुणी इस्त्री केली आहे. आता ती वांग्याच्या शिळ्या भाजीसारखी मऊ पडली होती. टोकं करपून काळी झाली होती. कळी अजून देठावर होती, पण मान खाली घालून.

"डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं," सर म्हणाले. "म्हणून मी फ्रीजवर कागद लावला. सोमवार ते शुक्रवार हौसा, शनिवार-रविवार अनुया. फक्त गाळलेलं पाणी, क्षार नसलेलं. पानांच्या मधे थेंब पडू द्यायचा नाही. एवढं लिहून, वाचून दाखवून, हिने बोअरचं पाणी घातलं! पांढरं साठलंय बघा कुंडीच्या कडेला. मला धूसर दिसतं, पण बोटाला खरखरीत लागतं."

"तळोज्याच्या कारखान्यांच्या हवेने नसेल ना झालं? परवा केवढा वास होता."

"मीही आधी तेच म्हटलं. पण मग शेजारची तुळस? तिला काहीच नाही. घोटाळा पाण्याचाच आहे."

नीताताई पोस्टात एकतीस वर्षं होत्या, त्यातली निम्मी अपुऱ्या पत्त्यांच्या टेबलावर. तिथे एक गोष्ट शिकल्या होत्या: समोरची बाजू काही सांगत नसेल तर पाकीट उलटून बघायचं. त्या खाली बसल्या. कुंडी गोट्यांवर होती, गोटे एका पसरट थाळीत. गोट्यांमुळे बूड पाण्यात बुडत नाही आणि खालून ओलावा मिळत राहतो, असं वहिनींनीच त्यांना एकदा समजावलं होतं. आज थाळी काठोकाठ भरली होती. कुंडीचं बूड चांगलं बोटभर पाण्यात.

"घरात कोण कोण आलं होतं सर, आठवड्याभरात?"

"अपूर्व चेन्नईला आहे कामासाठी, म्हणजे आम्ही दोघंच. अनुया पहाटेच ऑफिसला गेली. आणि शनिवारी खारघरहून विश्वजीत आला होता, तो ऑर्किडवाला. कळी बघून वेडाच झाला. शंभर फोटो काढले. म्हणाला, सर, एक फुटवा मला द्या. मी म्हटलं, शरयूच्या हातचं आहे, नाही देणार."

"रागावला?"

"चहा अर्धा ठेवून गेला."

नीताताईंनी मान हलवली. कुंडीत मातीऐवजी सालींचे तुकडे आणि कोळसा असतो. त्या तुकड्यांच्या फटींमध्ये त्यांची नजर अडकली. तिथे तीन इवलेसे कोंब उगवले होते. नाजूक पांढरा देठ, वर बदामाच्या आकाराची दोन-दोन पानं. ऑर्किडच्या कुंडीत ते कुणी पेरले असते?

त्यांनी एक कोंब अलगद उपटून रुमालात ठेवला. थाळीतलं थोडं पाणी वाटीत घेतलं.

"सर, संध्याकाळपर्यंत हौसाला काढू नका," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मी सांगते, मग काय ते ठरवा."

"तुम्ही काय सांगणार?"

"ते मलाही अजून माहीत नाही."

३

खाली येऊन त्यांनी वाटीत बोट बुडवलं, जिभेपर्यंत नेलं आणि थांबल्या. मार्गशीर्षातले गुरुवार त्या अळणी करायच्या. दिवा लागेपर्यंत मिठाचा कण तोंडात घ्यायचा नाही, हा अठ्ठावीस वर्षांचा नेम. आणि वाटीत नेमकं तेच असेल असं त्यांचं मन सांगत होतं.

"हौसा, चाखून बघ गं. मला आज चालत नाही."

हौसाने बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारा हाय! यो समिंदर कुणी वतला?"

"बोअरचं पाणी असं लागतं?"

"बोअरचा जड लागते, असा नाय. यो मीठ हाय ताय, मूठभर तरी." हौसा मिठागरावरच्या घरातली, तिचा बाप उरणच्या बाजूला आगरात राबला होता. तिने पुन्हा बोट बुडवलं, डोळे मिटले. "आन् आमचे आगरातला नाय. आगरातला मीठ मागशी कडू लागते. यो पुडीतला, धुतलेला."

"तुझ्याकडे कुठलं असतं?"

"आमचे घरान पुडीतला कोण घेतंय? भाऊ अजून गोणी पाठवते."

नीताताईंनी रुमाल उघडला. "आणि हे काय आहे, ओळखतेस? पान तोडून खा."

हौसाने पान दाताखाली धरलं आणि तिखट चव लगेच ओळखली. ते कुंडीतून निघालं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "मोहरी," ती म्हणाली. "कुठं भेटली?"

"पादुकेच्या कुंडीत."

मीठ आणि मोहरी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे दोन जिन्नस एका मुठीत कशासाठी घेतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. झाडाला मारायला आलेला माणूस मोहऱ्या कशाला आणेल? हे जिवावर उठलेल्याचं काम नव्हतं. कुणीतरी पादुकेची दृष्ट काढली होती.

"हौसा, खरं सांग. तू काढलीस?"

"मी काढली असती तर मिरच्या घातल्या असत्या," हौसा ताडकन म्हणाली. "आन् आमी दृष्ट विस्तवावर टाकतो. तडतडली की समजायचा, उतरली. पाण्यान टाकली तर कळनार कसा? पाण्यान तर..."

तिचा हात तोंडावर गेला.

"पाण्यात कोण टाकतं, हौसा?"

"मना नका विचारू."

"तुझं काम चाललंय आणि तू कुणाला झाकतेस?"

"ज्यांना झाकते त्या आता नाहीत ताय," हौसा म्हणाली, आणि सकाळपासून कोरडे राहिलेले डोळे आता भरून आले.

४

दुपारी नीताताईंनी विश्वजीतला फोन लावला. काय झालंय ते सांगितलं.

"मीठ? काकू, कोण करेल असं?" त्याचा आवाज खरोखरच कापत होता. "मला राग आला होता, नाही असं नाही. पण त्या झाडाचा फुटवा मिळावा म्हणून मी दोन वर्षं सरांच्या पाया पडतोय. मेलं तर मला काय मिळणार? आणि मला मारायचंच असतं तर पानांच्या मध्यात चमचाभर पाणी सोडलं असतं. आतून सडलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता."

"शनिवारी तू बाल्कनीत एकटा होतास कधी?"

"एक मिनिटही नाही. सर सोडतात होय! त्या अनुयावहिनी मात्र मधेच आल्या, म्हणाल्या, एवढे फोटो कशाला काढताय, कुठे टाकू नका. मी तोवर तीन ग्रुपवर टाकले होते. दोनशे लोकांनी वा वा केलं. ते सांगितलं तर त्यांचा चेहराच पडला."

"बरं. झाड वाचेल का?"

"थाळी फेकून द्या. गाळलेलं पाणी वरून सोडत राहा, बादलीभर, खालून निघून जाऊ द्या. रोज. कळी टिकली तर नशीब. मी येतो संध्याकाळी."

नीताताई पुन्हा वर गेल्या. सर तसेच बसले होते, जेवणाचं ताट झाकलेलं. नीताताईंनी थाळी काढली, घागरभर गाळलेलं पाणी कुंडीतून सोडलं आणि ते करता करता सहज विचारावं तसं विचारलं, "सर, ओल्या कापसावर मोहरी टाकली तर दोन पानं उघडायला किती दिवस लागतात हो?"

सरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. "पाच. सहावीच्या वर्गाला दर वर्षी करायला लावायचो. रविवारी टाकायची, शुक्रवारी वर्गात आणायची. तिसऱ्या दिवशी कोंब, पाचव्या दिवशी पानं. जाधव म्हणून एक मुलगा होता, त्याने चौथ्या दिवशी घरच्यांना त्याची भाजी करून घातली." ते हसले, आणि मग थबकले. "का?"

"कुंडीत तीन मोहऱ्या उगवल्यात. पानं उघडलेली आहेत. आज गुरुवार."

सरांनी बोटं मोजली नाहीत. त्यांना गरज नव्हती. "शनिवार," ते म्हणाले.

"आणि शनिवारी हौसा कुठे होती?"

सरांना तेव्हा आठवलं. शुक्रवारी सकाळीच ती पुतणीच्या हळदीला म्हणून तीन दिवसांची रजा घेऊन गेली होती. रजा त्यांनीच दिली होती, वर शंभराची नोट आहेर म्हणून दिली होती.

"मग कोण?" त्यांनी विचारलं. दार उघडल्याचा आवाज आला. अनुया आज लवकर आली होती.

५

ती दारातच उभी राहिली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. नीताताई, सर, जमिनीवर पाण्याचं तळं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी हौसा; नीताताईंनीच तिला वर बोलावून घेतलं होतं.

"काकू, काय झालं? हौसाबाई मेसेजमधे म्हणाल्या की त्यांना काढलं..."

"अनुया," नीताताई मऊपणे म्हणाल्या, "शनिवारी दिवेलागणीला मूठ कुठे ठेवलीस गं?"

अनुयाने आधी सरांकडे पाहिलं, मग पादुकेकडे. करपलेली पानं तिने आत्ताच, उजेडात, पहिल्यांदा नीट पाहिली. सकाळी अंधारात निघायची आणि अंधारात परतायची.

"थाळीत," ती म्हणाली. बॅग खांद्यावरून घसरली. "अगं बाई... ते मीठ..."

"मला सगळं सांग."

"त्या माणसाने दोनशे लोकांना फोटो दाखवले. मला दिवसभर चैन पडेना. चार वर्षांनी आलेली कळी. मी मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि ओवाळायला लागले. आई वाटीत पाणी घेऊन त्यात सोडायच्या, मग ते मोरीत. मी वाटी आणायला वळणार, तेवढ्यात बाबांच्या काठीचा आवाज आला. घाबरून मूठ थाळीतच सोडली. थाळी तेव्हा कोरडी होती, कुंडी गोट्यांवर. म्हटलं, नंतर काढते. मग अपूर्वचा फोन आला, आणि... मी विसरले. खरंच विसरले, बाबा."

"रविवारी पाणी घातलं नाहीस?"

"साली ओल्या होत्या, म्हणून नाही घातलं."

"आन् सोमवारी मी आले," हौसा दारातून म्हणाली. "थाळी सुकी दिसली. सर बोललेले ओलावा पायजे. मी काठोकाठ भरली. गोट्यांखाली काय हाय, मी काय वाकून बघितला नाय."

म्हणजे मूठ एकीची आणि पाणी दुसरीचं. मोहऱ्यांचे दोन-चार दाणे ओवाळताना निसटून वर सालींत पडले, तेवढेच बोलले. ते नसते तर हौसाचं काम सुटलं असतं आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

सर काठीवर हात ठेवून बसले होते. रागावतील असं तिघींनाही वाटत होतं. ते म्हणाले, "अनुया, तू इंजिनिअर. तुला हे कुणी शिकवलं?"

"आईंनी."

"शरयूने? या घरात? अपूर्व लहान असताना तिने एकदा चुलीत मोहऱ्या टाकल्या होत्या. मी तिला असं बोललो, असं बोललो... की दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर या घरात हा प्रकार झाला नाही."

अनुयाने हौसाकडे पाहिलं. हौसाने मान खाली घातली, आणि मग, जणू आता लपवण्यासारखं काही उरलं नाही असं ठरवून, वर केली.

"झाला सर. तवापासून तर पाण्यान टाकायच्या. विस्तवावर टाकली तर तडतडते, वास येते, तुमाला कळायचा. पाण्यान वास येत नाय."

सरांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळचा उजेड त्यांच्या लाल डोळ्यांवर पडला.

"कुणाची काढायची ती?"

"अपूर्वदादाची, परीक्षा झाल्यावर. अनुयाताईची, बाळ गेला तवा," हौसा हळू आवाजात म्हणाली. अनुयाने तोंड फिरवलं. "या झाडाची, फूल उमललं की. आन् तुमची."

"माझी?"

"दर शनवारी. आन् दहावीचा निकाल लागला की पोरं पेढे घेऊन यायची, पाया पडायची, सर आमचे देव हाय बोलायची. ती गेली की वयनी बोलायच्या, हौसा, मूठ आण. तुमी पेपर वाचत बसलेले. त्या मागून यायच्या, पडदा सारखा केल्यासारखा करायच्या आन् तीन येढे ओवाळून जायच्या."

"आणि मला कधीच कळलं नाही?"

"वयनी बोलायच्या, अग्रलेख लागला की यांच्या डोक्यावर नारळ फोडला तरी कळनार नाय."

अनुयाला रडता रडता हसू फुटलं. नीताताईंनी पदर डोळ्यांना लावला. सर मात्र हसले नाहीत. पडद्याकडे बघत राहिले.

मग ते उठले, काठी न घेता. हौसासमोर जाऊन उभे राहिले. शाळेत एखाद्या मुलाला चुकून शिक्षा झाली तर सगळ्या वर्गादेखत माफी मागायचा त्यांचा नियम होता, हे पनवेलमध्ये अजून सांगणारे लोक आहेत.

"हौसा, मी चुकलो," ते म्हणाले. "तुझी रजा मी दिली आणि मीच विसरलो. विचारायच्या आधी तुला काढलं. मला माफ कर."

"असा बोलू नका सर."

"बोलू दे. आणि अनुया, तूही ऐक. माझ्या भीतीने या घरात कुणी काही लपवायचं नाही आता. मला पटणार नाही, मी वाद घालीन. पण लपवायचं नाही."

खाली गेटशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. विश्वजीत आला असावा. नीताताईंनी खिडकीतून पाहिलं. आकाश तांबूस झालं होतं, दिवा लावायची वेळ टळत चालली होती आणि घटापुढची कहाणी अजून वाचायची होती. पण पाय निघेना.

सरांनी जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची ओढली. हौसा त्या घरात चहा प्यायला नेहमी मोरीच्या कट्ट्याशी बसायची, एकोणीस वर्षं.

"बस," सर म्हणाले. "शेवटची कधी काढली होती तिने माझी?"

हौसाने खुर्चीकडे पाहिलं, मग अनुयाकडे. अनुयाने मान डोलावली. हौसा खुर्चीच्या कडेवर टेकली, पदर सारखा केला.

"हास्पिटलान न्यायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "हात वर होत नव्हता त्यांचा. मी कोपर धरला होता."